कूस बदलण्यापुरतं बळ



चिखलीकडच्या एका भगिनीचं चार पानी पत्र गेल्या पंधरवड्यात आलं. तिच्या धाकट्या जावेला नऊ वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरॉसिस असल्याचं निदान झालं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. आधी एका डोळ्यानं धूसर दिसू लागलं, ते महिन्याभरात सुधारलं म्हणून सगळे विसरून गेले. मग पाय जड पडू लागले, मग काठी आली, मग चाकाची खुर्ची. आता बराचसा दिवस अंथरुणावरच जातो. पत्राच्या शेवटी प्रश्न एकच आहे : “आता ती चालणार नाही असं डॉक्टरांनीच सांगितलंय. मग फिजिओथेरपीवर पैसे घालण्यात काय अर्थ? घरात सगळे हेच म्हणतात आणि मला उत्तर देता येत नाही.”

एरवी या सदरात आपण लोणच्याला बुरशी का येते, मुलांचं अक्षर कसं सुधारावं, महिनाअखेरीचा हिशेब कसा जुळवावा असल्या गोष्टी बोलतो. पण हे पत्र मला बाजूला ठेवता आलं नाही. कारण अगदी हाच प्रश्न आमच्या खामगावच्या घरात विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तर शोधण्यात आम्ही दोन वर्षं घालवली. त्या दोन वर्षांची किंमत आम्ही भरली नाही. ती माझ्या नणंदेनं भरली.

माझी मोठी नणंद, आम्ही तिला ताई म्हणतो. हाच आजार. सासरची माणसं तिला एका दिवाळीला ‘चार दिवस माहेरी विश्रांती’ म्हणून पोचवून गेली, ती परत न्यायला आली नाहीत. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. आपल्यापैकी पुष्कळ जणींना न लिहिताच कळेल. तिची मुलगी आमच्याकडेच शिकते, आता नववीत आहे. ताई आली तेव्हा दोघांच्या आधारानं न्हाणीघरापर्यंत जात होती. वर्षभरानं तेही थांबलं. तेव्हा आमच्या आत्याबाई भेटायला आल्या होत्या. पदरानं डोळे पुसले आणि उठता उठता दारात म्हणाल्या, “चालनार हाय का ते आता? मंग कायले पैसे घालता, बापा?” त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. आणि खरं सांगू? माझ्याही मनात तेच होतं. मी फक्त बोलले नाही.

आधी आजार काय आहे ते थोडक्यात. इस्त्रीच्या वायरवर कापडाचं नाहीतर रबराचं वेष्टण असतं ना? ते जागोजागी उंदरानं कुरतडलं तर वीज नीट पोचत नाही, मधेच ठिणगी उडते, मधेच इस्त्री थंड. आपल्या मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवर असंच एक वेष्टण असतं. या आजारात शरीराचीच संरक्षण करणारी फौज त्या वेष्टणावर उलटते. जिथं कुरतडलं जाईल त्याप्रमाणे लक्षणं. कुणाचा डोळा, कुणाचा पाय, कुणाचा तोल, कुणाची लघवी. १८६८ साली पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी या आजाराचं व्यवस्थित वर्णन केलं, पण तो होतो का, याचं पुरतं उत्तर आजही नाही. तो सांसर्गिक नाही, कुणाच्या पापाचं फळ नाही, आणि बाळंतपणात ‘वारं लागल्यानं’ होत नाही. बहुतेकदा विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीतिपटीनं अधिक होतो. म्हणजे नेमकं संसाराच्या ऐन भरात. आता त्याचा वेग कमी करणारी औषधं पुष्कळ निघाली आहेत, ती लवकर सुरू झाली तर उपयोग अधिक. ते काम मेंदूविकारतज्ज्ञांचं. मी लिहिते आहे ते ज्यांचं नुकसान आधीच होऊन गेलं आहे त्यांच्याबद्दल.

डॉक्टर लोक या आजाराची पायरी एका मापानं मोजतात. कर्टझ्के या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ साली सुधारून दिलेलं ते माप, शून्य ते दहा. सहाला काठी लागते. सातला चाकाची खुर्ची. आठला दिवसाचा पुष्कळसा वेळ खुर्चीत किंवा पलंगावर, पण हात कामाचे असतात. नवाला माणूस पूर्ण अंथरुणावर, तरी बोलू शकतो, जेवू शकतो. हे मुद्दाम सांगितलं, कारण आपल्याकडे ‘चालतो’ आणि ‘पडून आहे’ असे दोनच कप्पे असतात. प्रत्यक्षात पडून असण्यातही पायऱ्या आहेत, आणि आठावरून नवावर जाणं ही फार मोठी घसरण आहे. तिथंच फिजिओथेरपीचं खरं काम असतं.

आमच्याकडे काय झालं ते ऐका.

ताईचे पाय ताठर होऊन आत ओढले जायचे. तिला बरं वाटावं म्हणून मी गुडघ्यांखाली एक मऊ उशी ठेवायला लागले. जुन्या सुती लुगड्याची खोळ शिवली होती मी तिला. ताईला खरंच आराम पडे. ती उशी दोन वर्षं तिथंच राहिली. दिवसा, रात्री. मधल्या काळात मालीश करणाऱ्या बाई येत, तेल लावत, आणि पाय सरळ व्हावा म्हणून जोरानं हिसका देत. हिसका दिला की पाय अधिकच आवळला जाई, ताई ओठ दाबून घेई, आणि आम्हाला वाटे की चला, काहीतरी उपचार होतो आहे. मग माकडहाडावर एक लाल डाग दिसला. आम्ही त्यावर पावडर लावली आणि चोळलं. पंधरा दिवसांत तिथं जखम झाली. ती भरून यायला पाच महिने लागले.

त्या जखमेच्या निमित्तानं अकोल्याला जावं लागलं आणि तिथल्या डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी दिली. खामगावातच एक तरुण मुलगी घरी येऊन काम करते असं कळलं. स्कूटीवरून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर ती उशी उचलून बाजूला ठेवली. ताईचा गुडघा तिनं हळूहळू, अगदी कणिक तिंबल्यानंतर झाकण उघडावं इतक्या हलक्या हातानं सरळ करून पाहिला. एका जागी येऊन तो अडकला. दारं पावसात फुगून अडकतात तसा. ती म्हणाली, “उशीमुळे गुडघा वाकलेला राहिला. स्नायू आखूड झाले. आता हा पुरता सरळ होणं कठीण आहे.”

ती उशी मीच ठेवत होते.

माझ्या सासूबाईंनी तेव्हा तिला विचारलं, “पण बाई, चालेल का आमची पोर?” ती मुलगी “नाही” म्हणाली. स्पष्ट, पण हळू आवाजात. मग ताईकडे वळून तिनं विचारलं, “ताई, तुम्हाला काय करता यायला हवं आहे?” खोलीत आम्ही पाच माणसं होतो. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ताई जरा थांबली आणि म्हणाली, “रात्री कुणाला हाक न मारता कूस बदलायची आहे.”

तेव्हा कुठं मला कळलं की आम्ही रात्री दोनदा उठतो याचं ती किती ओझं वाहते.

पुढचे चार महिने घरात तेवढ्याच एका गोष्टीसाठी काम चाललं. पलंगाच्या डाव्या बाजूला सुताराकडून गोल दांडा बसवून घेतला. हातांत बळ यावं म्हणून अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली उचलायची, रबरी पट्टा ताणायचा. धडाचा तोल यावा म्हणून पलंगाच्या कडेला पाय टेकवून, मागून आधार देऊन बसवायचं. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग मुलीची वेणी घालून होईपर्यंत. रात्री झोपवताना उजवा पाय डाव्यावर टाकून ठेवायचा. मग मान डावीकडे, उजवा हात छातीवरून पलीकडे, दांडा धरायचा आणि ओढायचं. अशी ती डाव्या कुशीवर वळते. उजवीकडे अजून जमत नाही. म्हणजे रात्री एकदा मला उठावं लागतं, दोनदा नाही.

आणि यासाठी फिजिओथेरपिस्ट रोज येत होती का? नाही. पहिल्या महिन्यात सहा वेळा आली, मग महिन्यातून एकदा. बाकी सगळं तिनं आम्हाला शिकवलं. चिखलीच्या भगिनीला मी हेच सांगेन की रोज पैसे मोजून कुणाला बोलवायचं असा हा खर्च नाही. थोड्या दिवसांची शिकवणी लावायची, आणि घरच्यांनी अभ्यास करायचा. मी अर्धवेळ शाळेत शिकवते, त्यामुळे हा हिशेब माझ्या चटकन लक्षात आला. शिकवणी आठवड्यातून दोनदा असली तरी पोर पास होतं ते घरी पाटी गिरवून.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. एके काळी डॉक्टर या आजाराच्या रुग्णांना विश्रांतीच सांगत, व्यायामानं थकवा वाढेल म्हणून. १९९६ साली अमेरिकेत युटा इथं १५ आठवड्यांचा व्यायाम देऊन पाहिला, तेव्हा रुग्णांचं बळ वाढलं आणि आजार काही बिघडला नाही. ते रुग्ण मात्र हिंडतेफिरते होते. अगदी जास्त अपंगत्व आलेल्यांचं काय, हा प्रश्न राहिलाच होता. त्याचं एक चांगलं उत्तर २०१९ साली इंग्लंडमधून आलं. काठ्या किंवा वॉकर धरून जेमतेम वीस मीटर जाणाऱ्यांपासून चालणं बंद झालेल्यांपर्यंत १४० रुग्ण त्यात होते. त्यांतल्या निम्म्यांना घरी उभं राहण्याची एक चौकट दिली. पाय, गुडघे आणि कंबर तीत आधारानं बसते आणि माणूस पडत नाही. दर खेपेला अर्धा तास, आठवड्यातून तीनदा, वीस आठवडे, आणि पुढे आपापल्या मनानं. ३६ आठवड्यांनी मोजलं तेव्हा चौकटीत उभं राहिलेल्यांची हालचाल इतरांपेक्षा चांगली होती. काहींचे स्नायू थोडे दिवस दुखले. आता यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट : या सगळ्यासाठी फिजिओथेरपिस्ट प्रत्येकाच्या घरी फक्त दोनदा गेली होती, तासतासभर. नंतर सहा वेळा पंधरा मिनिटांचा फोन. बाकी घरच्यांनी केलं. खामगाव-मेहकरला जमणार नाही असं यात काय आहे?

आमच्या ताईला ती चौकट चालत नाही. उभं राहायला गुडघा सरळ व्हावा लागतो. म्हणून आत्याबाईंना त्या दिवशी जे उत्तर द्यायला हवं होतं ते आज देते. चालणार नव्हती ती, पण वेळेवर सुरू केलं असतं तर उभी राहिली असती. अर्धा तास का होईना, खिडकीतून रस्ता आपल्या उंचीवरून पाहिला असता.

आता रोजच्या कामातल्या काही गोष्टी सांगते. या वाचून लगेच स्वतः सुरू करू नका. एकदा तरी फिजिओथेरपिस्टला रुग्ण दाखवा, कारण प्रत्येकीचं शरीर वेगळं असतं.

ताठर स्नायू ताणायचा तो हिसका देऊन कधीच नाही. झटका बसला की तो उलट आवळतो. सावकाश न्यायचं, जिथं अडेल तिथं धरून अर्धा मिनिट तरी थांबायचं, तो आपोआप सैल पडतो. पोटरी, मांडीची मागची बाजू आणि दोन्ही मांड्यांमधले स्नायू, या तीन ठिकाणी रोज. नाहीतर पुढं पाय इतके एकमेकांत अडकतात की स्वच्छता करणं, कपडा बदलणंही मुश्कील होतं. पावलं खाली लोंबकळू नयेत म्हणून पलंगाच्या पायथ्याशी फळी किंवा घट्ट उशी लावतात. कुशीवर झोपवलं की दोन गुडघ्यांच्या मधे उशी चालते. गुडघ्याखाली मात्र कायमची नको.

सगळाच ताठरपणा वाईट असतो असं नाही, हेही मला नंतर कळलं. पलंगावरून खुर्चीत घेताना ताईचे ताठर पायच क्षणभर खांबासारखे उपयोगी पडतात. ताठरपणाच्या गोळ्या एकदा वाढवल्या तर ती पार गळून गेली होती. म्हणून गोळी कमीजास्त झाली की कूस वळणं, बसणं कसं चाललं आहे ते डॉक्टरांना सांगायला हवं. आणि एखाद्या आठवड्यात ताठरपणा एकाएकी वाढला तर आजार बळावला म्हणून रडत बसण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. लघवीला जंतुसंसर्ग झालाय का, पोट साफ होतंय का, कुठं जखम आहे का, पायाचं नख मांसात रुतलंय का. ताईच्या बाबतीत एकदा फक्त परकराची नाडी घट्ट बांधली गेली होती! तिला रुतत असल्याचं जाणवत नव्हतं, पण पायांना कळत होतं.

अंथरुणातल्या जखमांबद्दल तर किती लिहू. दर दोन तासांनी कूस बदलायची, खुर्चीत बसलेल्या माणसाला दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढं झुकवून बूड मोकळं करायचं. माकडहाड, टाचा, कमरेची हाडं आणि घोटे रोज दिवसाच्या उजेडात पाहायचे. लाल डाग बोटानं दाबून सोडला आणि तो पांढरा पडला नाही तर धोका समजा. त्यावर चोळायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही, त्या भागावर वजन येऊ द्यायचं नाही. औषधांच्या दुकानात रबरी गोल कडं मिळतं, त्यावर बसवू नका. मधला भाग लोंबकळतो आणि कडेचं रक्त अडतं. हवेची गादी चांगली, पण ती आहे म्हणून कूस बदलणं सोडायचं नाही. चादरीची सुरकुतीदेखील शत्रू आहे. आमच्या सासूबाईंना कडक खळ घातलेल्या चादरींची भारी हौस. ताईपुरती आम्ही ती हौस बंद केली आहे.

श्वासाचा व्यायाम कुणाच्या लक्षातच येत नाही. छातीचे स्नायू दुबळे झाले की खोकला जोरानं येत नाही, कफ साठतो, आणि अंथरुणावरच्या माणसाला न्यूमोनिया व्हायला तेवढं पुरतं. पेल्यातल्या पाण्यात नळीनं बुडबुडे काढणं, खोल श्वास घेऊन एका दमात आकडे म्हणणं असे सोपे प्रकार आहेत. ताईला ते पोरकट वाटायचं. मग मी तपासायच्या वह्या तिच्यापुढं ठेवू लागले. पाचवीच्या मुलांची इतिहासाची उत्तरं ती मला मोठ्यानं वाचून दाखवते. तिचा व्यायाम होतो, माझं काम हलकं होतं, आणि काही उत्तरं अशी असतात की हसून हसून छातीला वेगळा व्यायाम लागत नाही. जेवताना मात्र वाचन नाही, बोलणं नाही. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटे घास. आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

आपल्या भागातल्या बायकांसाठी सर्वांत महत्त्वाचं आहे ते ऊन. बुलढाणं घाटावर आहे, तिथं एकवेळ ठीक. पण खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर या आमच्या पट्ट्यात मे महिन्यात काय होतं ते मी सांगायला नको. या आजारात अंग तापलं की मज्जातंतूंचं काम आणखी मंदावतं. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० सालीच हे टिपून ठेवलं होतं. इतकं की चांगली यंत्रं येण्याआधी रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते पाहत आणि त्यावरून निदान करत! आमच्याकडे मात्र कुणी आजारी पडलं की कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं ही रीत. ताई हिंडतीफिरती होती तेव्हा एका रविवारी सासूबाईंनी मायेनं कढत पाणी काढून दिलं, आणि न्हाणं झाल्यावर तिला पाटावरून उठताच येईना. पायांतलं बळ जणू पाण्याबरोबर मोरीत वाहून गेलं होतं. आम्ही घाबरलो. पंख्याखाली निजवलं, तासाभरात पूर्ववत. हे नुकसान कायमचं नसतं, अंग निवलं की बळ परत येतं. पण घरच्यांना हे ठाऊक नसेल तर एक तर घबराट होते, नाहीतर ‘सकाळी तर हात उचलत होती, दुपारी नाटकं करते’ असं बोललं जातं. हे दुसरं मी ऐकलेलं आहे.

म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात व्यायाम पहाटे साडेपाचला. शाळेची तयारी सुरू होण्याआधी. कूलर आधी चालू करून खोली गार करायची, मानेवर ओला पंचा ठेवायचा, दहा मिनिटं व्यायाम, दहा मिनिटं थांबणं, पुन्हा दहा मिनिटं. दुपारी काही नाही. वीज गेली तर ओल्या फडक्यानं हातपाय पुसत राहायचं. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकणं पूर्ण बंद, कारण त्वचेला कळत नसल्यामुळे पोळलेलं समजत नाही. बारीकसा तापही अंगावर काढायचा नाही. एक अंश तापात ताईचा दांडा धरणारा हात सुटतो.

आणि बाई, तुमच्या स्वतःच्या पाठीचं काय? रुग्णाला बगलेत हात घालून उचलायचं नाही. तिचा खांदा निखळतो आणि आपली कंबर जाते. आमचा पलंग बुटका होता. त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले, तेव्हापासून माझं वाकणं निम्म्यावर आलं. वर सरकवायचं असेल तर पाठीखाली एक जाड चादर दुमडून ठेवावी आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून सरकवावं. दोघांनी म्हटलं मी. आमच्याकडे दुसरं माणूस म्हणजे माझे यजमान. ‘हे बायकांचं काम’ असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही, पण ते उठलेही नव्हते. त्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं त्यांनाच समोर उभं केलं आणि म्हणाली, “दादा, पोटरी तुम्ही ताणायची. तुमच्या हातात जोर आहे.” तिनं काम वाटून दिलं, आणि मला घरात भांडावं लागलं नाही. ताईच्या मुलीला मात्र आम्ही रोजचं काम देत नाही. ती फक्त वेणी घालून घेते.

मदत कुठं मिळेल, असंही पत्रात विचारलं आहे. या आजाराच्या रुग्णांसाठी मुंबईत १९८५ साली मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. रेहमत फझलभॉय हे तिचे संस्थापक. ते स्वतःच या आजाराचे रुग्ण होते. पुण्यातही तिची शाखा आहे. पत्रानं, फोननं मार्गदर्शन मिळतं, आणि दुसरी कुणीतरी याच वाटेवर आहे हे कळतं, तेही थोडं नाही. मुंबईला हाजीअलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. पण सगळ्यांना मुंबई झेपत नाही. आपल्या जवळ शेगावला श्री गजानन महाराज संस्थानाच्या सेवाकार्यांत अपंग पुनर्वसनाचं कामही आहे. दर्शनाला जाताना तिथं चौकशी करावी.

आणि एक कागद नक्की करून घ्या. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यांत या आजाराचं नाव नव्हतं. २०१६ च्या नव्या कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस त्यांत नावानिशी आलं. पुष्कळांना, कधीकधी खिडकीमागच्या कारकुनांनाही, हे माहीत नसतं. “हातपाय तर आहेत की” असं आम्हाला ऐकवलं गेलं. तेव्हा कायद्याचं साल सांगा आणि जागचं हलू नका. प्रमाणपत्र मिळालं की चाकाच्या खुर्चीपासून अनुदानापर्यंतच्या अर्जांना पाया मिळतो.

वाचायला काही हवं असेल तर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन वाचनालयात मागा. त्यांचा आजार हा नव्हे, पण कमरेखालचा भाग निकामी झाल्यावर त्यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ताईनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी ताईला तुमचं पत्र वाचून दाखवलं, चिखलीच्या भगिनी. तुमची परवानगी घेतली नाही, माफ करा. चारही पानं तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, “सासऱ्यांचं म्हणणं आहे, दिरांचं आहे, डॉक्टरांचं आहे. पण त्या जावेचं म्हणणं कुठंय यात?” मी पत्र पुन्हा चाळलं. नाही सापडलं. तेव्हा तेवढं तिला विचारून मला लिहा. आणि तिच्या गुडघ्यांखाली उशी आहे का, तेही.